जुन्या वॉलमार्टमधली लायब्ररी बघून आलो, आणि बाबा अजून त्यातच आहेत

आधी कामाचं सांगते. टेक्सासच्या पार खालच्या टोकाला, मेक्सिकोच्या बॉर्डरला चिकटून मॅकॅलन नावाचं गाव आहे, आणि तिथली पब्लिक लायब्ररी एका जुन्या वॉलमार्टच्या बिल्डिंगमधे आहे. ऑस्टिन, सॅन अँटोनिओ, ह्यूस्टन कुठूनही साऊथ पाड्रेच्या समुद्रावर जाणार असाल तर थोडी वाट वाकडी करा आणि दोन तास इथे घालवाच. आम्ही दोन तास म्हणून गेलो आणि चार तास बसलो. तिकीट नाही, कार्ड नसलं तरी आत जाऊन बसता येतं, वाचता येतं. मला ही जागा मनापासून आवडली आणि का आवडली ते जरा सविस्तर लिहिणार आहे कारण आमच्या घरात त्यावरून एक वेगळाच विषय सुरू झालाय.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत आमच्याकडे. डिसेंबरात लेकीला सुट्टी लागली, माझी एक मैत्रीण मॅकॅलनला असते, ती म्हणाली या इकडे, इथे थंडी नसते आणि ताजी संत्री-ग्रेपफ्रूट मिळतात, म्हणून निघालो. ऑस्टिनहून साधारण पाच तास, आईसाठी मधे थांबत थांबत आम्हाला सात लागले. सॅन अँटोनिओ मागे पडलं की पुढे नुसता सपाट माळ, झुडपं, मधूनच एखादी पवनचक्क्यांची रांग. बाबा म्हणाले आपल्या माणदेशासारखं आहे की गं, आणि खरंच तसंच वाटतं.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सातारा जिल्ह्यात आमचं गाव, तिथे पेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. आजोबांनी घातलेलं. बाबांनी ३८ वर्षं चालवलं, आधी गादीवर बसून आणि नंतर काउंटर करून. लग्नसराईत आम्हाला जेवायला वेळ नसायचा इतकं गिऱ्हाईक मी स्वतः बघितलंय. मग हळूहळू कमी होत गेलं, तालुक्याला मोठी दुकानं झाली, मोबाईलवर साड्या यायला लागल्या, आणि चार वर्षांपूर्वी बाबांनी शटर खाली ओढलं ते ओढलंच. तेव्हापासून गाळा बंद आहे. काका म्हणतात बिल्डरला देऊ, आत्तेभाऊ म्हणतो खताचं गोडाऊन करू, कोणीतरी एटीएमला भाड्याने द्यायचं सुचवलं. बाबा कशालाच हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. विषय निघाला की उठून गॅलरीत जातात.

तर हे बाबा मॅकॅलनच्या त्या पार्किंगमधे उतरले आणि पहिला प्रश्न विचारला, "हे दुकान चालत नव्हतं का?"

मी म्हटलं बाबा, उलट चांगलं चालत होतं, म्हणून तर ते याच्याहून मोठं दुकान घेऊन गेले. इथे असंच असतं, मोठ्या सुपरसेंटरमधे शिफ्ट होतात आणि जुनं खोकं मागे राहतं, आणि बऱ्याच ठिकाणी जाताना कागदोपत्री अटही घालून ठेवतात की या जागेत आमच्यासारखं दुसरं दुकान नको, म्हणजे तिथे परत दुकान यायची वाटच बंद. बाबा बराच वेळ त्या बिल्डिंगकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "चालतं दुकान सोडून गेले." त्यांना ते पटतच नव्हतं.

आता आतलं. जागा आहे १,२४,५०० स्क्वेअर फूट, म्हणजे पावणेतीन एकराच्या वर, आणि सगळी एका मजल्यावर. आपल्याकडचे साडेसहाशे फुटांचे फ्लॅट मांडले तर जवळजवळ १९० बसतील. एका मजल्यावरच्या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या पब्लिक लायब्रऱ्यांपैकी ही एक. शहराने ती रिकामी पडलेली बिल्डिंग घेतली, मिनियापोलिसच्या एमएसआर नावाच्या आर्किटेक्ट फर्मला आतलं काम दिलं आणि २०११ च्या डिसेंबरात लायब्ररी उघडली. २०१२ ला लायब्ररी इंटीरियरचं मोठं बक्षीस पण मिळालं. पण मला बक्षिसापेक्षा दुसरा आकडा जास्त आवडला, उघडल्यावर पहिल्याच महिन्यात नवीन मेंबरांची नोंदणी २३ टक्क्यांनी वाढली. माणसं आली, हे महत्त्वाचं. आणि का नाही येणार, सगळ्या गावाला तो रस्ता आधीच पाठ, दूध-अंडी-डायपर आणायला वर्षानुवर्षं तिथेच तर येत होते.

मला भीती होती की आत गेल्यावर गोडाऊनमधे पुस्तकं रचल्यासारखं वाटेल. अजिबात नाही वाटत. त्यांनी आधी आतलं सगळं काढून टाकलं, भिंती आणि छत पांढरं केलं, आणि मग त्या मोकळ्या पोकळीत वस्ती केली असं म्हणता येईल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून नक्षी कापलेल्या लाकडी छताचा एक लांब पट्टा जातो, त्याच्या खालून चालत राहायचं, चौकशी, देवघेव वगैरे सगळं त्या पट्ट्याच्या आसपास, आणि त्याच्या दोन्ही अंगाला मुलांचं, मोठ्यांचं असे विभाग. म्हणजे रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूला दुकानं, आपली पेठ असते ना अगदी तशी. हे मी नाही हं म्हटलं, आईने म्हटलं. मला चार लेख वाचून जे लक्षात आलं नव्हतं ते तिला आत शिरून पाच मिनिटांत लक्षात आलं.

आणि बाबा वर बघत होते. लाकडी पट्टा जिथे नाही तिथे वरचा लोखंडी सांगाडा दिसतो, त्या त्रिकोणी त्रिकोणी जाळीच्या तुळया. मला हळूच म्हणाले, "बिलाची काउंटरं इथे पुढे असणार, माल मागच्या बाजूने उतरत असणार आणि ह्या मधल्या भागात मांडणी." मग हात करून दाखवलं, इथून गिऱ्हाईक आत घ्यायचं, असं फिरवायचं आणि परत इथेच आणायचं. त्यांना ती लायब्ररी दिसतच नव्हती पहिल्यांदा, त्यांना दुकान दिसत होतं. पंधरा-वीस मिनिटं असेच फिरले. मी मागे लागले नाही.

माझा नवरा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्याने एक गोष्ट सांगितली ती मला कोणी आधी कधी सांगितली नव्हती. पुस्तकं भयंकर जड असतात. इथल्या बिल्डिंग कोडमधे राहत्या घराची जमीन स्क्वेअर फुटाला ४० पाउंड वजन धरून डिझाईन करतात, आणि पुस्तकांच्या रॅकची खोली असेल तर १५०, म्हणजे जवळजवळ चौपट. म्हणून कुठल्याही जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर उचलून लायब्ररी टाकता येत नाही. पण दुकानाचं तसं नाही, खाली स्लॅब थेट जमिनीवर टेकलेला, आधीच मालाचे ढीग आणि मशीनी झेललेला, रॅक कुठेही सरकवा. शिवाय खांब लांब लांब, मधे अडथळा नाही, उद्या वाटलं की मुलांचा विभाग मोठा करायचा तर कपाटं सरकवायची, भिंत पाडायला नको. हे तो बाबांना समजावत होता आणि बाबांनी मधेच विचारलं, "आपल्या गाळ्यात शहाबादी फरशी आहे, खाली मुरूम, ती चालेल का?" तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की त्यांच्या डोक्यात काय चाललंय.

सोयींचं सांगायचं तर खूप आहे. ६४ कॉम्प्युटरांची लॅब, मुलांच्या वेगळ्या लॅब्ज, घराण्याची वंशावळ शोधणाऱ्यांसाठी वेगळी लॅब, अभ्यासाला १४ खोल्या, मीटिंगसाठी १६ जागा, ऑडिटोरियम, आर्ट गॅलरी, कॅफे, जुन्या पुस्तकांचं दुकान, आणि शेतकरी बाजार भरवायची सोयसुद्धा योजनेत धरलेली. एवढं सगळं एका छताखाली मावलं याचं कारण ते छतच एवढं मोठं होतं, नव्याने कोणी एवढं मोठं बांधायला पैसे दिले नसते असं मला वाटतं. पोरांचा आवाज मोठ्यांपर्यंत येत नाही कारण टीनएजर आणि मोठ्यांच्या बसायच्या जागा आवाजाच्या दृष्टीने वेगळ्या काढल्यात. आमची लेक सहा वर्षांची, ती मुलांच्या भागात खाली फतकल मारून जी बसली ती हलायलाच तयार नाही, एकच डायनासोरचं पुस्तक चार वेळा, शेवटी आजीला बाजूला बसवून तिला मराठीत सांगत होती. शेजारी एक आजीबाई नातवाला स्पॅनिशमधे गणित शिकवत होत्या आणि तो इंग्रजीत उत्तरं देत होता. दोन्ही आज्या एकमेकींकडे बघून हसल्या, बोलायला भाषा नव्हती, आईने डब्यातला तिळाचा लाडू नंतर बाहेर आल्यावर त्यांना दिला.

आईच्या गुडघ्यांचं सांगायलाच हवं. पूर्ण चार तासांत तिला एकही पायरी चढावी लागली नाही. गाडीतून उतरली ती सपाट आत, आत सपाट, बाथरूमला सपाट. "अगं, इथे चढायचंच नाही काही!" असं दोनदा म्हणाली. हे वाक्य मला लागलं, कारण आमच्या तालुक्यातलं एक जुनं वाचनालय आहे, नाव नाही घेत, चांगली माणसं आहेत तिथली, पण ते आहे दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि लिफ्ट नाही. आईने आणि बाबांनी तिथे २५-३० वर्षं पुस्तकं बदलली. दिवाळी अंक यायचे तेव्हा बाबा दुकान वाढवून रात्री जायचे, कारण उशीर झाला की चांगले अंक आधीच कोणीतरी नेलेले असायचे. गुडघे गेले तसं आधी आईचं बंद झालं, मग बाबांचं. वर्गणी भरतात अजून, पण जात नाहीत. त्यांच्या वयाची सगळीच मंडळी तशी, आणि संध्याकाळच्या वाचनकक्षात आता फक्त परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं असतात, त्यांना जिना चढता येतो.

आणि त्याच गावात पेठेत रस्त्याच्या लेव्हलला, एका पायरीवर, आमच्यासारखे किती गाळे शटर ओढून पडलेत.

असो, रिव्ह्यूकडे येते. या प्रकारच्या बिल्डिंगची एक अडचण आहे आणि ती कितीही हुशार आर्किटेक्ट असला तरी पूर्ण जात नाही, उजेड. दुकान बांधताना खिडक्या मुद्दाम नसतातच, भिंतीला रॅक लावायचे असतात आणि गिऱ्हाईकाला बाहेर संध्याकाळ झालेली कळू नये असंही असतं. त्यामुळे एवढ्या खोल जागेच्या मधल्या भागात सूर्यप्रकाश पोचवणं अवघडच. इथे पांढरं छत, दिवे आणि नारंगी वगैरे ठळक रंग यांनी मधला भाग प्रसन्न ठेवलाय, मला कोंदट वाटलं नाही, पण मला स्वतःला वाचताना खिडकी लागते म्हणून सांगतेय. दुसरं म्हणजे अशी दुकानं मुळातच गाडीवाल्यांसाठी बांधलेली, पुढे डांबराचं मैदान, त्यामुळे चालत जाऊ म्हणाल तर उन्हाळ्यात या भागात १०० डिग्री फॅरनहाइटच्या वर जातं हे लक्षात ठेवा. डिसेंबरात मात्र एकदम छान, उत्तरेकडचे रिटायर्ड लोक थंडी चुकवायला महिना महिना येऊन राहतात, त्यांना इथे विंटर टेक्सन म्हणतात.

त्या रात्री मैत्रिणीकडे जेवताना बाबांनी विचारलं, "बंद दुकानांचं अजून काय काय करतात हे लोक?" मी मला माहीत होतं ते सांगितलं. आमच्या ऑस्टिनमधेच हायलँड मॉल होता, १९७१ चा, तो ओस पडला तेव्हा कम्युनिटी कॉलेजने घेतला आणि २०१४ ला त्यातल्या जेसीपेनीच्या दुकानात क्लास सुरू केले, एकाच हॉलमधे सहाशेच्या वर कॉम्प्युटर, माझ्या ऑफिसमधल्या एकीने नोकरी सांभाळून तिथूनच अकाउंटिंग केलं. व्हरमाँटमधे बर्लिंग्टनला तर शाळेच्या इमारतीत विषारी केमिकल सापडलं म्हणून २०२१ ला अख्खं हायस्कूल मेसीजच्या रिकाम्या दुकानात हलवलं, मुलं एस्कलेटरवरून वर्गात जायची आणि भिंतीवर कपड्यांच्या ब्रँडच्या पाट्या तशाच. नॅशव्हिलला एका मॉलचा वरचा मजला हॉस्पिटलच्या क्लिनिकांना दिला, खाली दुकानं चालू आणि वर ओपीडी. बाबांनी सगळं ऐकलं, मग म्हणाले, "पण हे सगळं मोठ्या जागेचं झालं. अठरा फुटी गाळ्याचं काय?"

मला वाटतं याचं उत्तर मॅकॅलनमधेच आहे. त्यांनी दुकानाला राजवाडा करायचा प्रयत्न केला नाही. दुकानात जे चांगलं होतं, म्हणजे एक मजला, मोकळी जमीन, सगळ्यांना माहीत असलेला पत्ता, ते तसंच ठेवलं, आणि जे वाईट होतं, म्हणजे अंगावर येणारा आकार आणि रुक्षपणा, फक्त त्यावर काम केलं. मग आमच्या गाळ्यात चांगलं काय आहे? रस्त्याला लागून आहे, पायरी एकच, पुढे कट्टा आहे जिथे संध्याकाळी म्हातारी माणसं आत्ताही येऊन बसतातच, शटर बंद असलं तरी बसतात. सागवानी मांडणी अजून जागेवर आहे, ज्या कप्प्यांत तागे उभे राहायचे त्यात पुस्तकं राहतील, खोली जास्त आहे पण मागे फळी मारली की झालं. वाईट काय, लांबोडका आहे, अठरा बाय साठ, आणि मागच्या चाळीस फुटांत भर दुपारी लाइट लावावा लागतो.

हे मी बोलत होते आणि बाबांनी मैत्रिणीच्या मुलीकडून वहीचा कागद मागून घेतला. पेन काढलं आणि गाळा काढला. दार, गल्ला, मांडणी, पोटमाळ्याचा जिना, मागची मोरी. स्केल नव्हती, आमटीच्या वाटीजवळच्या चमच्याच्या दांड्याने रेषा मारल्या. गल्ल्याच्या जागी लिहिलं "पुस्तक बदलणे". चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना दुकानाबद्दल बसून बोलताना बघितलं, गॅलरीत उठून गेले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. लायब्ररी नॉर्थ २३ स्ट्रीटवर आहे, सुट्ट्यांच्या दिवसांत जाणार असाल तर वेळा आधी वेबसाईटवर बघून निघा. शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी जा, लहान मुलं बरोबर असतील तर जेवून जा म्हणजे कोणी घाई करणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत येताना २८१ हायवेवर फॅलफ्युरियस गावाच्या अलीकडे बॉर्डर पॅट्रोलचा (सीमा पोलिसांचा) चेकपॉइंट लागतो, उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी थांबवतात, त्यामुळे आई-वडील व्हिजिटर व्हिसावर असतील तर त्यांचे पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रिंट बरोबर हवीच, घरी ठेवून जाऊ नका. आमच्याकडे होतं, दोन मिनिटांत सोडलं.

बाकी पाचापैकी पाच. परत जाणार आहे, यावेळी खिडकीजवळची खुर्ची शोधून.

परवा बाबांनी काकांना फोन लावला, भारतातली सकाळ गाठायची म्हणून इथे रात्री साडेनऊपर्यंत जागे राहिले. मला वाटलं बिल्डरचं बोलणार. ते म्हणाले, "अरे, जरा किल्ली घेऊन गाळ्यावर जा, आणि मागच्या बोळाकडची भिंत विटांची आहे का दगडाची तेवढं बघून सांग. खिडकी पाडता येते का बघायचंय."